गोळ्या खाऊनही रक्त साडेदहावरच: सोलापुरातलं एक प्रकरण

वय २३, पहिलटकरीण, आठवा आठवडा. राहणं सोलापूरच्या पूर्व भागात. घरी विड्या वळते. नवरा टॉवेलच्या यंत्रमागावर दिवसपाळी-रातपाळी करतो. नवरा तिच्या आत्याचा मुलगा, त्यामुळे सासूला ती अजूनही 'आत्या'च म्हणते. पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.६ भरलं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, म्हणून नेहमीप्रमाणे लोहाच्या गोळ्या हातात पडल्या.

तिला गोळ्या नव्या नव्हत्या. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी घेतली होती, लग्नाआधी दोनदा तीन-तीन महिन्यांचा कोर्स झाला होता. गूळ-शेंगदाणे, खजूर, बीट, सगळं करून झालं होतं. आकडा दहा-साडेदहाच्या पुढे कधीच सरकला नाही. आत्यांचं म्हणणं, "आमच्या घरात सगळ्यांचंच रक्त कमी हाय." या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं निदान या एका वाक्यात होतं, पण तिथं कुणी थांबलं नाही.

(हे प्रकरण एका घरातलं नाही. अशा अनेक घरांत जे दिसतं ते एकत्र करून, कुणाचीही ओळख राहणार नाही असं मांडलं आहे. आकडे मात्र या स्थितीत जसे येतात तसेच आहेत.)

एका ओळीपलीकडे वाचलेला अहवाल

उपकेंद्रातल्या बोट टोचून घेतलेल्या तपासणीत फक्त हिमोग्लोबिन कळतं. पुढं प्रयोगशाळेत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण मोजणी, झाली, तिच्या कागदावर पंधरा-वीस ओळी होत्या. त्यातल्या चार ओळींनी प्रकरणाची दिशा बदलली.

हिमोग्लोबिन १०.६. तांबड्या पेशी ५५ लाख. एमसीव्ही, म्हणजे एका पेशीचं सरासरी आकारमान, ६३ (साधारण ८० ते १०० हवं). एमसीएच, म्हणजे एका पेशीतलं हिमोग्लोबिन, १९.३ (२७ च्या वर हवं).

लोह कमी पडलं की पेशी लहान होतात हे खरं, पण त्यांची संख्याही घटते. कारखान्यात मालच नाही म्हटल्यावर उत्पादन मंदावणारच. इथं पेशी लहान आहेत, फिक्या आहेत, आणि संख्येनं भरपूर आहेत. एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं (दशलक्षात) भागायचं: ६३ भागिले ५.५ म्हणजे ११.५. हा भागाकार १३ च्या खाली आला की बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकपणाचा संशय घ्यायचा (वाहकाच्या दोन जनुकांपैकी एकच बिघडलेलं असतं, त्याला स्वतःला आजार नसतो), वर आला तर लोहाच्या कमतरतेचा. याला मेन्झर निर्देशांक म्हणतात. तो पुरावा नाही, अंगुलिनिर्देश आहे. दोन्ही गोष्टी एकाच बाईत असल्या तर तो हमखास फसवतो. पण फुकट आहे, आणि मोबाइलवरच्या गणकयंत्रानं दहा सेकंदांत निघतो.

एक स्थानिक खबरदारी. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळिशीच्या पुढं जातो. सकाळी खेड्यात घेतलेला नमुना थंड पेटीशिवाय फिरत राहिला आणि दुसऱ्या दिवशी यंत्रात गेला, तर पेशी फुगतात आणि एमसीव्ही खोटा वाढतो. ७५ चा ८२ झाला की वाहक सुटला. जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त त्याच दिवशी तपासलं जाईल एवढं पाहावं.

जिथं सीबीसीचं यंत्रच नाही तिथं नेस्ट्रॉफ्ट नावाची चाचणी होते. दोन काचेच्या नळ्या घ्यायच्या. एकीत ०.३६ टक्के बफर केलेलं मिठाचं पाणी २ मिली, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी २ मिली. दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब, साधारण २० मायक्रोलिटर, आणि अर्धा तास थांबायचं. मग नळ्या हलक्या हलवून, काळी बारीक रेघ मारलेल्या पांढऱ्या कागदासमोर धरायच्या. साध्या पेशी एवढ्या पातळ मिठाच्या पाण्यात फुटतात, पाणी लाल पण आरपार होतं आणि रेघ स्वच्छ दिसते. वाहकाच्या लहान, चपट्या पेशी फुटत नाहीत, पाणी गढूळ राहतं आणि रेघ दिसेनाशी होते. लोहाच्या कमतरतेतही रेघ अस्पष्ट होऊ शकते, म्हणून रेघ दिसली नाही तर पुढची तपासणी करायचीच. इथं सगळ्यात जास्त चुका द्रावणात होतात. अंदाजानं मीठ घातलं किंवा बाटली उघडी राहून पाणी उडालं की शाळेतल्या तपासणीत सगळा वर्गच्या वर्ग 'दोषी' निघतो.

या बाईच्या बाबतीत त्याच आठवड्यात फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) केली. फेरिटिन ६८. म्हणजे लोहाचा साठा पुरेसा होता. इतकी वर्षं ती लोह ज्या भांड्यात ओतत होती ते भरलेलंच होतं. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-२ चं प्रमाण ५.४ टक्के आलं. ४ च्या वर म्हणजे बीटा थॅलेसेमियाची वाहक.

हा ए-२ का वाढतो? मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर, आईकडून एक आणि वडिलांकडून एक. त्यातलं एक नीट चालत नसेल तर बीटा साखळ्या कमी पडतात आणि बीटाऐवजी डेल्टा साखळी असलेल्या ए-२ चा वाटा वाढतो. लोहाची तीव्र कमतरता असेल तर मात्र ए-२ खाली ओढला जातो आणि ३.५ च्या आसपास येऊन चकवतो. तेव्हा लोह भरून काढून पुन्हा मोजायचं, किंवा गरोदरपणामुळे वेळ नसेल तर थेट डीएनए तपासणी. बी-१२ ची कमतरता उलटा घोटाळा करते: पेशी मोठ्या करते, आणि लहान पेशींची खूण पुसून टाकते. रक्त चढवलं असेल तर तीन महिने एचपीएलसीवर विश्वास ठेवू नये. त्यात दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं.

नवऱ्याचं 'नॉर्मल' हिमोग्लोबिन

बाई वाहक निघाली की त्याच दिवशी नवऱ्याचं रक्त घ्यायचं. 'पुढच्या वेळी बघू' इथं चालत नाही. नवऱ्याची रातपाळी होती, तो येईना. आशाताईंनी घरी जाऊन सांगितलं, "दादा, तुमची फक्त पाच मिनिटं लागतील, उपाशीपोटी यायची पण गरज नाही." तो आला.

त्याचं हिमोग्लोबिन १३.१. पुरुषांसाठी १३ ही खालची रेषा. तो तिच्या वर. त्याला आयुष्यात कुणी 'रक्त कमी' म्हटलेलं नव्हतं. पण तांबड्या पेशी ६४ लाख, एमसीव्ही ६५, भागाकार १०.२. ए-२ ५.१ टक्के. तोही वाहक.

हिमोग्लोबिनची ओळ पाहून पुरुषाला घरी पाठवणं, ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. वाहक पुरुष बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तो माग चालवतो, पोती उचलतो, रक्तदानही करून येतो. शोधायचा असतो तो पेशीचा लहान आकार, रक्ताची कमी नव्हे.

दोघंही वाहक असले की प्रत्येक गर्भाच्या वेळी शक्यता अशी: चारात एक वाटा थॅलेसेमिया मेजरचा, चारात दोन वाटे आईबापांसारख्या वाहकाचे, चारात एक वाटा पूर्ण मोकळ्याचा. 'पहिलं मूल आजारी झालं, म्हणजे पुढची तीन बरी' असा हिशेब लोक करतात. तो चूक आहे. कवड्या दरवेळी नव्यानं पडतात.

मेजर म्हणजे काय हे घरच्यांना स्पष्ट सांगावं लागतं, कारण जन्मलेलं बाळ अगदी छान दिसतं. गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळी लागतच नाही. तीनचार महिन्यांनंतर शरीर बीटावर येतं आणि बाळ पांढरं पडू लागतं, दूध ओढत नाही, प्लीहा वाढते. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आयुष्यभर. प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलीग्रॅम लोह शरीरात जातं. निरोगी माणूस दिवसाला अन्नातून १ ते २ मिलीग्रॅम लोह घेतो आणि तेवढंच गमावतो. जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाटच आपल्या शरीरात नाही. आपल्या पूर्वजांना लोहाची वाण होती, अतिरेक कधी नव्हता. असलेलं धरून ठेवणारं शरीर टिकलं. तेच शरीर रक्त चढवलेल्या मुलाच्या हृदयात आणि यकृतात लोह साठवत जातं, आणि ते काढायला रोज औषध घ्यावं लागतं.

हा दोष टिकला कसा

घरात हा प्रश्न येतोच, आणि त्याला टाळू नये. इतकं घातक जनुक असेल तर ते कधीच संपायला हवं होतं. भारतात सरासरी ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. एवढे कसे उरले?

१९४० च्या दशकात अमेरिकेत जेम्स नील आणि विल्यम व्हॅलेंटाइन यांनी इटालियन वंशाच्या कुटुंबांत हा आजार मोजला आणि अंदाज केला की हे जनुक पुन्हा पुन्हा नव्यानं बिघडत असावं. ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांना ते पटलं नाही. १९४९ मध्ये छापून आलेल्या व्याख्यानात त्यांनी दुसरी शक्यता मांडली: वाहकाच्या लहान पेशींमुळे त्याला हिवतापात फायदा होत असेल. दोन खराब जनुकांचं मूल जातं, पण एकच खराब जनुक असलेलं मूल तापातून वाचतं, आणि हिशेब बरोबरीत सुटतो. हे हाल्डेन पुढं १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. सार्डिनिया बेटावर नंतर दिसलं की हिवताप असलेल्या किनाऱ्याच्या सखल गावांत वाहक पुष्कळ, आणि डोंगरातल्या गावांत कमी. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत सिकल सेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल हेच दाखवलं. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे दिसणारा सिकल सेल याच कुळातला.

फायदा नेमका कसा होतो याला एकच उत्तर नाही. पापुआ न्यू गिनीत अल्फा थॅलेसेमियाच्या (यात बीटाऐवजी अल्फा साखळी कमी पडते) मुलांबाबत एक सरळ स्पष्टीकरण मिळालं: पेशी लहान आणि संख्येनं जास्त, त्यामुळे परजीवीनं तेवढ्याच पेशी फोडल्या तरी एकूण हिमोग्लोबिन कमी जातं. या बाईच्या अहवालातल्या त्याच दोन ओळी, ५५ लाख आणि ६३. आपण ज्याला बिघाड म्हणून वाचतो ते तापाच्या काळातलं चिलखत होतं.

तो काळ फार जुना नाही. माणूस शेती करू लागला, जंगल तोडलं, तळी-कालवे केले, दाट वस्तीनं राहू लागला, तसा डासांना पाणी आणि रक्त दोन्ही हाताशी मिळालं. गेल्या काही हजार वर्षांची ही गोष्ट. १९४७ च्या सुमारास तेहेतीस कोटींच्या देशात वर्षाला साडेसात कोटी हिवतापाचे रुग्ण आणि आठ लाख मृत्यू धरले जात. १९५३ ला नियंत्रण कार्यक्रम आला, डीडीटीची फवारणी झाली, १९६५ पर्यंत रुग्ण लाखावर उतरले. १९७६ मध्ये पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले, मग हळूहळू ओसरले. म्हणजे ताप हटायला लागून तीन पिढ्या झाल्या.

जनुकाला तीन पिढ्या म्हणजे काहीच नाही. गणित करून पाहा. वाहक ४ टक्के असतील तर खराब जनुकाचं प्रमाण २ टक्के. फायदा पूर्ण संपला, आणि आजारी मूल दरवेळी दगावलं असं धरलं, तरी हे प्रमाण दोनाचं एक टक्का व्हायला ५० पिढ्या लागतात. बारा-साडेबाराशे वर्षं. कारण बहुतेक खराब जनुकं वाहकांत लपलेली असतात, आणि वाहकाला काही होत नाही. 'आपोआप कमी होईल' म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवरचा हा जिल्हा. मामाच्या, आत्याच्या मुलांची लग्नं इथं अनेक समाजांत होतात, काही घरांत मामा-भाचीचंही होतं. ४ टक्के धरले तर कुणाही अनोळखी माणसाशी लग्न केलेल्या वाहक बाईचा नवरा वाहक असण्याची शक्यता पंचवीसात एक. नवरा आते-मामेभाऊ असेल तर एकाच आजी-आजोबांकडून तेच जनुक येण्याचा आठात एक वाटा त्यात मिळतो, आणि शक्यता सहा-सातात एक होते. नात्यातल्या लग्नानं जनुक बिघडत नाही. विखुरलेलं एकत्र येतं, एवढंच.

या घरात सासू आणि तिचा भाऊ, म्हणजे मुलीचे वडील, दोघांचीही सीबीसी केली. सासूचा एमसीव्ही ६२, भावाचा ६६. दोघांचाही ए-२ वाढलेला. वीस वर्षं लोहाची टॉनिकं घेतलेल्या आत्या अहवालाकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे माझ्यातनंच गेलं व्हय?" त्यांना तिथंच सांगितलं: आत्या, तुमच्याकडं ते तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलं, त्यांच्याकडं त्यांच्या. सुनेत जितकं आहे तितकंच मुलात आहे. हे वाक्य वगळलं तर घराबाहेर पडल्या पडल्या 'पोरीत दोष आहे' एवढंच उरतं. समुपदेशनाच्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं याच्यासाठी राखून ठेवावीत.

नववा ते तेरावा आठवडा

पुढचं सगळं वेळेवर चालतं. आधी आईबापांच्या रक्तातून डीएनए तपासणी. भारतात बीटा थॅलेसेमियाची मोजकीच पाच-सात उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकातले बिघाड, बहुतेक कुटुंबांत सापडतात, त्यामुळे आधी तीच शोधतात. इथं दोघांतही सगळ्यात नेहमीचं, आयव्हीएस १-५, सापडलं: जनुकाच्या पहिल्या मधल्या भागातल्या पाचव्या जागी जी ऐवजी सी. एका अक्षरानं कापून-जोडण्याची जागा चुकते आणि बीटा साखळी फार कमी बनते. दोघांचं उत्परिवर्तन एकच निघणं आजी-आजोबांच्या वाटेशी जुळत होतं.

दहाव्या आठवड्यात हा अहवाल हाती आला. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे, तिथं गर्भाचं निदान होतं. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालं की सकाळी मुंबई. सोबत न्यायचे कागद: दोघांचे मूळ एचपीएलसी अहवाल, सोनोग्राफी, बाईचा रक्तगट. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तपासणीनंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं. ही गोष्ट ऐनवेळी आठवली की एक दिवस जातो.

साडेअकराव्या आठवड्यात पोटातून, सोनोग्राफीच्या मदतीनं सुई घालून वारेचे बारीक तंतू घेतले. दहा आठवड्यांआधी ही तपासणी करत नाहीत. गर्भपाताचा धोका साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी, हे सहीआधी सांगायचं. सही संमतीच्या 'जी' नमुन्यावर होते. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भतपासणीला परवानगी आहे. लिंग मात्र कुणी सांगत नाही आणि विचारायचंही नाही.

घेतलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली आईच्या पेशींपासून निवडून साफ करतात. कुटुंबाला हे किरकोळ वाटतं, पण चूक इथंच घडते. समजा गर्भाची दोन्ही जनुकं खराब आहेत, आणि नमुन्यात आईचा तुकडा राहिला. आईचं एक जनुक चांगलं. ते अहवालात दिसलं की गर्भ 'फक्त वाहक' वाटेल. म्हणून 'वाहक' असा निकाल येतो तेव्हा आईच्या पेशींची भेसळ नाही ना, हे वेगळ्या डीएनए खुणांनी पडताळलेलं आहे का, हे अहवालात शोधायचं. नसेल तर विचारायचं.

तेराव्या आठवड्यात निकाल आला: गर्भ वाहक, भेसळ नाही. निकाल मेजरचा आला असता तर पुढचा निर्णय जोडप्याचा होता, डॉक्टरांचा नाही आणि आत्यांचाही नाही. कायद्यानं २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. म्हणून तेराव्यात निकाल आणि एकोणिसाव्यात निकाल यांत फार फरक पडतो. पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची तपासणी करता येते, पण तिचा निकाल हाती येईपर्यंत पोट दिसू लागलेलं असतं, आणि निर्णय कितीतरी जड होतो.

पुढं काय केलं

लोहाची इंजेक्शनं रद्द. गरोदरपणाची नेहमीची लाल गोळी चालू ठेवली, कारण बाळाला लोह लागतंच आणि ६८ चा साठा नऊ महिन्यांत उतरतो. पण दुप्पट डोस नाही. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलीग्रॅम, कारण पेशी सतत बनत असतात. २८ व्या आठवड्यात फेरिटिन पुन्हा. वाहक बाईचं हिमोग्लोबिन गरोदरपणात अर्धा-एक अंकानं खाली येतं, ते ९.५ च्या आसपास आलं तरी घाबरून रक्त चढवायचं नाही. जेवणात ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, लिंबू. जेवल्यावर लगेच चहा नको. बीट खायला हरकत नाही, पण त्याच्या लाल रंगाचा रक्ताशी संबंध नाही.

दिराचं लग्न जमत होतं, मामाच्याच घरातली मुलगी. त्याची सीबीसी केली: एमसीव्ही ८८, ए-२ २.७. तो मोकळा. मुलगी वाहक असली तरी त्यांच्या मुलांना मेजर होणार नाही, म्हणून लग्नाची बोलणी न थांबवता मुलीची तपासणी सवडीनं करायचं ठरलं. धाकटी नणंद अकरावीत, तिची तपासणी झाली, ती वाहक. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून दिलं: 'बीटा थॅलेसेमिया वाहक, आजार नाही. फेरिटिन बघितल्याशिवाय लोहाचं इंजेक्शन देऊ नये. लग्न ठरताना मुलाची सीबीसी आणि एचपीएलसी.'

सुनेच्या फाइलवर वेगळी ओळ आहे: 'नवरा-बायको दोघंही वाहक, उत्परिवर्तन माहीत. पुढच्या वेळी पाळी चुकताच यावं. पुन्हा एचपीएलसी नको, अकराव्या आठवड्याची तारीख आधीच घ्यावी.'